एकोडीवालीच्या हाती किती

बिडीच्या कारखान्यात मला नोकरी लागली ती माझ्या अक्षरामुळे, असं तिथले मुनीमजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खरं कारण वेगळं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. भविष्य निधीचा कायदा नुकताच बिडी वळणाऱ्यांना लागू झाला होता, पाचेकशे बायकांचे फॉर्म भरायचे होते, आणि फॉर्म पाहिला की मुनीमजींचं डोकं दुखायला लागे. मी पवनीतलीच, मॅट्रिक झालेली, घरात रिकामी बसलेली आणि नाकावर राग घेऊन फिरणारी. हपिसात बाई म्हणून मी एकटीच. माझ्यासाठी खुर्ची नव्हती, म्हणून पहिला महिनाभर मी तेंदूपत्त्याच्या पोत्यावर बसून लिहिलं.

कारखाना म्हणजे तरी काय, एक लांब ओसरी, मागे गोदाम आणि पुढे आमची खोली. बिड्या वळल्या जात त्या घरोघरी. आसपासच्या खेड्यांतल्या बायका पत्ता, तंबाखू आणि दोरा घेऊन जात आणि शनिवारी वळलेल्या बिड्यांची टोपली डोक्यावर घेऊन येत. ओसरीवर छाटणीवाला वाकड्या, पोकळ बिड्या काढून बाजूला टाके. उरतील त्यांची मजुरी. या बायका काही दिवसभर बिडी वळत नव्हत्या. सकाळी शेत, मग रांधणं, आणि दुपारची भांडी घासून झाली की उजेड असेपर्यंत जेवढ्या होतील तेवढ्या. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की दीड-दोन महिने टोपलीच दिसत नसे, धान कापणीला पुन्हा तेच. त्यामुळे एकीचीही मजुरी दोन आठवडे सारखी नसे आणि कापायचे पैसेही सारखे नसत.

माझं काम ते कापायचं होतं. हजारी पाच रुपये भाव धरा. छाट जाऊन पाच हजार बिड्या टिकल्या तर पंचवीस रुपये. त्यातून शंभराला सव्वासहा रुपये निधीला, म्हणजे एक रुपया छप्पन पैसे आणि वर पाव पैसा. तेवढेच मालकाने स्वतःचे घालायचे आणि दोन्ही मिळून त्या बाईच्या खात्यात जायचे. मी हे पहिल्या शनिवारी ओसरीवर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकीने विचारलं, "ते जाऊ द्या बाई. हाती किती?"

पुढची कितीतरी वर्षं मी तो प्रश्न ऐकत आले. हाती किती. मला आधी त्याचा राग यायचा. मग लक्षात आलं की एवढा एकच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मुनीमजींचं हिशेबाचं एक तंत्र होतं. पाव पैशाच्या भानगडीत पडायचं नाही, वरच्या चार आण्याला नेऊन टाकायचं. एक रुपया छप्पनच्या जागी सरळ पावणेदोन कापायचे. चार आठवड्यांचे सात रुपये कापले जात आणि निधीत जात सव्वासहा. मधले बारा आणे 'धर्मादाय' नावाच्या खात्यात पडत, आणि त्यातून गणपतीला मांडव आणि प्रसाद होई. मुनीमजींना यात काही वावगं वाटत नव्हतं, त्यांच्या वडिलांच्या काळापासून पेढीवर हेच चालत आलेलं. मी म्हटलं, "मुनीमजी, गणपती तुमचा अन् बारा आणे तिचे?" ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. "पोरी, तुले नोकरी करायची हाये का भांडण करायचं हाये?"

"दोन्ही," मी म्हटलं.

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी स्वतःच्या पैशाने एक जाड वही आणली. आठवड्याला दीडच रुपया कापायचा, खरा हिशेब वहीत पैशांत ठेवायचा आणि महिन्याच्या शेवटी एकदाच जमवून घ्यायचं, अशी माझी पद्धत. काम दुप्पट झालं, पण बारा आणे वाचले. कारखान्यात बाईच्या नावाचं कार्ड असे; प्रत्येक कार्डाला एक पान, आणि पानावर दर शनिवारची ओळ: बिड्या, छाट, मजुरी, कापले, हाती. ज्या शनिवारी बाई आली नाही त्या ओळीतही मी पाच शून्यं काढायची. मुनीमजींना ते पाहून हसू आवरत नसे. "जे बाई आलीच नाही तिचाही हिशेब लिहून राहिली. शाई का तुह्या बापाची हाये?" मी म्हणायची, रिकामी जागा ठेवली तर उद्या कुणीही त्यात काहीही लिहील. शून्य लिहिलं की झालं. एवढी मी हिशेबाला पक्की होते, आणि त्याचा मला गर्व होता.

त्या पानांतलं एक पान एकोडीवालीचं. आमच्याकडे सून आली की तिला माहेरच्या गावाने हाक मारतात. ही साकोलीकडच्या एकोडीची. सासर पवनीपासून पायी तासाभरावर, तळ्याच्या काठी. उंच, सावळी, कमी बोलणारी. तिच्या बिड्यांत छाट जवळजवळ नसायची. बिड्या मोजून झाल्या की ती पदर सावरायची आणि हळूच विचारायची, "हाती किती?" मी आकडा सांगितला की मान हलवायची आणि जायची.

आठ वर्षं असं चाललं. मग तिला खोकला लागला. पहिल्यांदा थंडीतला, मग बारा महिन्यांचा. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला सांगितलं की तंबाखूची धूळ आता बंद. एका शनिवारी ती रिकामी टोपली घेऊन आली आणि माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"बाई, बिडी सोडून राहिली मी. ते कापलेले पैसे आता भेटन का?"

"भेटन ना. त्यासाठीच तर कापले."

"म्हैस घेन म्हणते. दूध पवनीत आणून विकन. बिडी गेली तर घरात मीठ-तेलाले दुसरं काही नाही."

मला बरं वाटलं. एवढे दिवस कापत आले, आज पहिल्यांदा कुणाला तरी द्यायची वेळ आली होती. मी कपाट उघडून तिचा जुना फॉर्म काढला. माझंच अक्षर. वयाच्या रकान्यात साठ. मी मनाशी आठ मिळवले, अडुसष्ट झाले, आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. समोर तीस-बत्तीसची बाई उभी होती.

"हे नाव कुणाचं?" मी फॉर्मवरचं नाव वाचून दाखवलं.

"सासूचं."

"अन् सासू कुठं आहे?"

"ते तर मेली. माह्यं लगन झालं त्याच साली."

मी मुनीमजींकडे पाहिलं. त्यांनी वहीत मान घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या कारखान्यात कार्ड म्हणजे रांगेतला नंबर. जुना नंबर असेल तर पत्ता आधी मिळे आणि चांगला मिळे. नवीन कार्ड केलं तर शेवटचा नंबर, आणि वाट्याला फाटका, सुकलेला पत्ता. म्हणून म्हातारी मेली तरी तिचं कार्ड कुणी बंद करत नसे. शेताचा तुकडा सुनेकडे यावा तसं कार्ड तिच्याकडे येई, आणि त्यावर नाव म्हातारीचंच राही. यात खोटेपणा आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. मग निधीचा कायदा आला आणि मी कार्डांवरची नावं फॉर्मवर उतरवली.

फॉर्म भरायचा तो दिवसही मला आठवला. रांग फाटकापर्यंत गेली होती, मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता आणि माझं डोकं तापलेलं होतं. एकोडीवाली हनुवटीपर्यंत पदर ओढून उभी होती आणि तिच्या शेजारी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर आमच्याकडची सून तोंड उघडत नाही. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. कार्ड मायचं. मायचं वय साठ. वारस कोण? थोरला मुलगा, म्हणजे तो स्वतः. मी लिहिलं आणि अंगठा घ्यायला शाईची डबी पुढे सरकवली. एका तरण्या बाईचा हात पुढे आला, मी तो धरून कागदावर दाबला, आणि पुढच्या बाईला हाक मारली. एकदाही मान वर केली नाही. आठ वर्षं मी पाव पैशाचा हिशेब ठेवला आणि माणूसच चुकवलं.

"मंग," एकोडीवालीने विचारलं, "हाती किती?"

मला तिला सांगता येईना की कागदाप्रमाणे शून्य. तिचे पैसे, मालकाचे पैसे आणि व्याज मिळून बाराशे चौऱ्याऐंशी रुपये मेलेल्या सासूचे होते, आणि ते भासऱ्याला मिळणार होते. मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी या." ती गेल्यावर मुनीमजी म्हणाले, "भासरा फॉर्म भरन, पैसा उचलन. घरचा पैसा घरातच राहते. तू कायले तरास करून घेतं?" घर तरी कुठे एक होतं? दोघे भाऊ दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. वाडी, म्हणजे घराचं आवार, एकच, पण चुली दोन.

त्या दिवशी मी ठरवलं की हे पैसे तिच्याच हाती पडतील, मग माझी नोकरी राहो का जावो. मी निधीच्या कार्यालयाला अर्ज लिहिला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की फॉर्म मी भरला आहे आणि चूक माझी आहे. मुनीमजींनी तो वाचला आणि म्हणाले, "असं लिहून देतेत का कोणी?" मग अर्ज घेऊन मी एसटीने नागपूरला गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते म्हणाले, सासू निधी लागण्याआधीच वारली याचा दाखला आणा. पैसे या बाईच्याच कामाचे आहेत याचा पुरावा आणा. आणि फॉर्मवर ज्याचं नाव वारस म्हणून आहे त्याची लेखी संमती आणा.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत एका दिवसात मिळाला. पुराव्याचं कसं करायचं ते कळेना. सही नाही, आणि अंगठ्यावरून कोण ओळखणार? तीन दिवस मी गोदामात बसून माझ्या त्या जाड वह्या काढल्या. दोन वह्यांना वाळवी लागली होती, पण आकडे वाचता येत होते. तिचं पान वर्षावर वर्ष लावून पाहत गेले. बिड्या, छाट, मजुरी, कापले, हाती. आणि मधेमधे शून्यं. रोवण्याची शून्यं सगळ्याच बायकांच्या पानांवर होती, कापणीचीही. पण हिच्या पानावर आणखी दोन ठिकाणी शून्यांची रांग होती, एकदा नऊ शनिवार, एकदा अकरा, दोन्ही ऐन उन्हाळ्यात, जेव्हा शेतात काम नसतं आणि बाकीच्या बायका सगळ्यात जास्त बिड्या वळतात. मी तशीच उठून ग्रामपंचायतीत गेले आणि जन्माची नोंदवही मागितली. तिची थोरली मुलगी त्या नऊ शनिवारांतल्या पहिल्या आठवड्यात जन्मली होती. मुलगा अकरातल्या दुसऱ्या आठवड्यात.

मुनीमजींनी माझ्या वहीतली पानं आणि जन्माच्या नोंदींचा उतारा शेजारी ठेवून पाहिला. मग त्यांनी आपल्या हाताने कारखान्याचा शिक्का काढला आणि माझ्या प्रत्येक पानावर मारत गेले.

राहिली संमती. मी रविवारी त्यांच्या गावी गेले. भासरा ओसरीवर सुतळी वळत बसला होता. त्याने बसायला पाट दिला, चहा सांगितला. दाराच्या आड एकोडीवाली उभी होती, मला फक्त तिचा पाय दिसत होता. माझं सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, मी काही कोणाचं खात नाही. पण मायच्या नावचा पैसा म्हणजे थोरल्याचाच ना? मायचं सगळं मीच केलं. तेरवी बी मीच केली."

तो लबाड नव्हता, हीच तर पंचाईत होती. लबाड असता तर मी भांडले असते. मी वही उघडली आणि त्याच्यासमोर धरली. त्याला आकडे वाचता येत होते.

"दादा, हे पहा. ह्या उन्हाळ्यात नऊ आठवडे तुमच्या घरून बिड्याच नाही आल्या. काहून?"

तो आठवत राहिला. "तवा बहू बाळंतीण होती. एकोडीले गेल्ती."

"अन् हे अकरा?"

"पोरगा झाला तवा." तो बोलला आणि थांबला. सुतळी हातातच राहिली. त्याने वही स्वतःकडे ओढली, बोट टेकवत मागची पानं पाहिली, पुढची पाहिली. दोन बाळंतपणं सोडून आणि रोवणा, कापणी सोडून एकही शनिवार रिकामा नव्हता. "इतक्या बिड्या वळे का ते?" त्याने विचारलं. एकाच वाडीत राहून त्याला ते ठाऊक नव्हतं, कारण भासरा सुनेकडे पाहत नाही. मग त्याने कागद मागितला आणि आपलं नाव हळूहळू लिहिलं.

पाच महिन्यांनी आमच्या भागातला पोस्टमन हपिसात शिरला. त्याच्या हातात एकाच नावाच्या दोन मनीऑर्डरी होत्या; एवढी रक्कम एकीत बसत नसे. "बाई, हे तुमच्या कारखान्याचं दिसते. गावात पार पालथं घातलं, या नावाची बाईच नाही म्हणतेत. वापस लिहून टाकतो."

मी नाव पाहिलं. एकोडीवालीचं, मीच अर्जात लिहिलेलं. पत्ता बरोबर होता, नावही बरोबर होतं. पण लग्न होऊन आल्यापासून त्या गावात ते नाव कुणी उच्चारलंच नव्हतं. मी हपिसातली कार्डांची नोंदवही काखेत मारली, मुनीमजींना न विचारता निघाले आणि पोस्टमनला म्हटलं, "वापस लिहिलं तर तुमच्याच सायकलवर बसून नागपूरपर्यंत येईन." तो मुकाट्याने माझ्यासोबत चालू लागला.

भासरा वाडीत बैलाला पाणी पाजत होता. मनीऑर्डर पाहून तो पुढे आला, सवयीने हात पुढे केला. "आमच्या घरची हाये. द्या, मी घेतो."

"तसं नाही चालत," पोस्टमन म्हणाला. "जिचं नाव हाये तिलेच पाहिजे. कोण हाये ते?"

दाराच्या आड तिच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. ती आता बोलली नाही तर मनीऑर्डरी परत जाणार होत्या. मी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एकदा तिच्यासाठी दुसऱ्याने बोललेलं मी लिहून घेतलं होतं, तेवढं पुरे होतं.

"मीच आहो ते," आतून आवाज आला. मग पदर हनुवटीपर्यंत ओढून ती ओसरीवर आली आणि भासऱ्यादेखत तिने आपलं नाव सांगितलं, माहेरचं, पूर्ण. शब्द स्पष्ट होते. भासऱ्याने तोंड फिरवलं आणि बैलाला घेऊन तो मागे गोठ्याकडे गेला. जाताना पोस्टमनला म्हणाला, "मोजून द्या. पुरे द्या."

तिने दोन्ही कागदांवर अंगठा दिला. पोस्टमन नोटा मोजू लागला तेव्हा तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "हाती किती?"

"बाराशे चौऱ्याऐंशी."

"अन् कापले किती?"

"काहीच नाही. हे कापलेलेच आहेत."

ती हसली. मला मात्र रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला, म्हणून मी घाईघाईने नोंदवही उघडली. कार्ड बंद करताना हपिसाच्या वहीत नाव, वय आणि अंगठा लागत असे. म्हातारीच्या नावावर मी रेघ मारली आणि खाली तिचं नाव लिहिलं.

"वय किती?"

"मले नाही मालूम, बाई," ती म्हणाली आणि तिने पदर थोडा मागे सारला. "तुम्हीच पाहून लिहा."

मी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मग तेहतीस लिहिलं.